लहान कार्यालयासाठी प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर: निवडीची पद्धत

प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की बहुतेक कार्यालयांत पहिली बैठक मालकांच्या केबिनमध्ये होते. विक्रेत्याचा प्रतिनिधी पडद्यावर रंगीत आलेख दाखवतो आणि सगळ्या प्रकल्पांची स्थिती एका नजरेत कशी दिसेल, यावर चर्चा रंगते. त्या आलेखांमागची माहिती रोज कोण भरणार, दिवसाच्या कोणत्या वेळी भरणार आणि ती भरल्याने त्याचे स्वतःचे कोणते काम हलके होणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. माझ्या मते निवडीचा पहिला निकष तोच असायला हवा. नोंद करणाऱ्याला जे सॉफ्टवेअर जाचक वाटते, त्यातील माहिती दोन महिन्यांत शिळी होते आणि शिळ्या माहितीवरचा आलेख कितीही देखणा असला तरी त्यावरून निर्णय घेता येत नाही. पुढील पायऱ्या पाच ते पन्नास माणसांचे कार्यालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत; मोठ्या कंपन्यांचे खरेदीचे नियम वेगळे असतात आणि तिथे हा निर्णय एका बैठकीत होतही नाही.

१. पूर्ण झालेला एक प्रकल्प कागदावर मांडावा

सॉफ्टवेअरची नावे शोधण्यापूर्वी आपल्या कामाकडे पाहावे. समजा, आपले कार्यालय पुण्यात किंवा नाशकात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे घेते आणि एका वेळी सात-आठ साइट चालू असतात. नुकताच ताबा दिलेल्या एका घराची फाइल, त्या कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधील संभाषण आणि बिले समोर घ्यावीत आणि काम पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कसे सरकले हे क्रमाने लिहून काढावे. काय काय केले याची यादी सहज तयार होते. खरी माहिती मिळते ती काम कुठे थांबले, किती दिवस थांबले आणि कोणासाठी थांबले, हे लिहिताना.

स्वयंपाकघराचेच उदाहरण घेऊ. ओट्याच्या ग्रॅनाइटला खाच पाडण्यासाठी सिंक आणि हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) यांची नेमकी मापे लागतात. घरमालकांनी हॉबचे मॉडेल निश्चित केले नसेल, तर ग्रॅनाइटचा कारागीर दगडाला हात लावत नाही. ओटा बसला नाही, तर त्याखालच्या ट्रॉल्यांची अंतिम मापे घेता येत नाहीत, आणि मापे उशिरा गेली की कारखान्यातून ट्रॉल्याही उशिरा येतात. ताबा लांबल्यावर सगळ्यांच्या तोंडी ‘सुताराने उशीर केला’ असे असते. कागदावर क्रम मांडला की दिसते, उशिराचे मूळ घरमालकांच्या न झालेल्या एका निर्णयात होते आणि त्या निर्णयाची आठवण करून देणे हे कार्यालयात कोणाचेच ठरलेले काम नव्हते. म्हणजे या कार्यालयाला सर्वांत जास्त गरज आहे ती ‘ग्राहकाच्या निर्णयासाठी थांबले’ अशी स्वतंत्र स्थिती, तिच्यासमोर तारीख आणि तारीख जवळ आली की आपोआप जाणारी आठवण यांची. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ही गोष्ट बहुधा शेवटच्या पानावर असते किंवा नसतेच.

याच कागदावर आणखी एक गोष्ट तपासावी: खोळंब्याची माहिती प्रथम कोणाला होती आणि ती कार्यालयात केव्हा पोहोचली. साइट सुपरवायझरला मंगळवारी ठाऊक असलेली गोष्ट कार्यालयात शनिवारी कळत असेल, तर उपाय सुपरवायझरच्या फोनवर हवा, कार्यालयातील संगणकावर नव्हे.

असे दोन-तीन प्रकल्प मांडल्यावर खोळंब्याची कारणे पुन्हा पुन्हा तीच दिसू लागतात. त्यांतील मुख्य कारण ग्राहकाकडून हप्ता वेळेवर न येणे हे असेल, किंवा प्रत्येक लहान गोष्ट एकाच माणसाच्या मंजुरीसाठी अडत असेल, तर सॉफ्टवेअर घेऊन ते सुटणार नाही. तिथे आधी कराराची भाषा किंवा मंजुरीचे अधिकार बदलावे लागतील.

२. कामाचा स्वभाव ओळखावा

बाजारातील बहुतेक साधने तीन वेगवेगळ्या विचारांतून जन्मली आहेत आणि नंतर एकमेकांच्या सोयी उचलत सारखी दिसू लागली आहेत. मूळ विचार समजला तर निवड पुष्कळ सोपी होते.

पहिला विचार तारखांचा आणि परस्परावलंबनाचा. अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. आज ज्याला गँट चार्ट म्हणतात तो हाच. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत विकसित केली, आणि त्याच सुमारास अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही पद्धत वापरली. दोन्हींचा गाभा असा की कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे हे मांडले, की कोणत्या साखळीतील एका दिवसाचा उशीर थेट शेवटच्या तारखेवर येतो हे कळते. वरच्या उदाहरणात हॉबचा निर्णय, ग्रॅनाइट, ओटा, ट्रॉल्या ही ती साखळी आहे; शयनगृहाच्या पडद्यांना दोन दिवस उशीर झाला तरी ताब्याची तारीख हलत नाही. बांधकाम, सजावट, यंत्रसामग्रीची उभारणी, मोठे समारंभ, चित्रीकरण ही कामे या जातीची.

दुसरा विचार प्रवाहाचा. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात तायची ओनो यांच्या पुढाकाराने कानबान पद्धत आकाराला आली. काम पुढच्या टप्प्याला हवे असेल तेव्हाच मागच्या टप्प्याने करायचे आणि एका वेळी हाती घेतलेल्या कामांवर मर्यादा ठेवायची, हे तिचे तत्त्व. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘करायचे, चालू, झाले’ अशा रकान्यांचा बोर्ड तिथून आला. ज्या कामांचा प्रकार सारखा असतो आणि जी एकामागून एक येत राहतात, उदाहरणार्थ विवरणपत्रे भरणारे सीएचे कार्यालय, मासिकाचा संपादकीय विभाग किंवा जाहिरातींची डिझाइन करणारा गट, त्यांना बोर्ड पुरतो. त्यांच्यावर गँट चार्ट लादला तर तो रोज दुरुस्त करत बसावे लागते. मर्यादेचा भाग मात्र बहुतेक जण विसरतात आणि ‘चालू’ या रकान्यात चाळीस कार्डे साठतात. मग बोर्ड ही केवळ यादी उरते.

तिसरा विचार तक्रारींच्या आणि मागण्यांच्या नोंदीचा. सॉफ्टवेअर घडवणाऱ्या गटांना प्रत्येक दोषाला क्रमांक, तीव्रता, तो कोणी नोंदवला आणि कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला, ही माहिती लागते. या गरजेतून आलेली साधने शिस्तीला पक्की आणि नवख्या माणसाला जड असतात.

आपले कार्यालय यांपैकी कुठे बसते हे एका वाक्यात लिहावे. दोन प्रकारांची कामे असतील, तर ज्या प्रकारात खोळंब्याने पैसे जातात त्याला प्राधान्य द्यावे.

३. नोंद करणाऱ्यांची यादी करावी

आता माणसांकडे यावे. एका कागदावर तीन गट लिहावेत: जे रोज नोंद करतील, जे फक्त पाहतील आणि जे बाहेरचे असूनही अधूनमधून आत यावे लागतील, जसे ग्राहक, ठेकेदार, सल्लागार. पहिल्या गटातील प्रत्येकाबद्दल तो कोणता फोन वापरतो, दिवसातला किती वेळ संगणकासमोर असतो, कोणत्या भाषेत सहज लिहितो आणि कामाच्या जागी नेटवर्क असते का, हे विचारून घ्यावे. तळघरातील पार्किंगमध्ये किंवा डोंगराळ भागातील साइटवर नेटवर्क नसेल आणि ॲप नेटवर्कशिवाय नोंद साठवत नसेल, तर सुपरवायझर ‘घरी गेल्यावर भरतो’ म्हणेल आणि ते भरणे राहून जाईल.

येथे थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे, कारण या गटाचा सध्याचा मार्ग व्हॉट्सॲप आहे आणि नवे साधन त्याच्याशी स्पर्धा करणार आहे. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवायला तीन-चार स्पर्श पुरतात. नव्या ॲपमध्ये त्याच फोटोसाठी प्रकल्प निवडणे, टास्क शोधणे, ती उघडणे, जोडणीचे बटण दाबणे आणि शेवटी जतन करणे असा प्रवास असेल, तर कामगारांना सूचना देत उभा असलेला माणूस तो करणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. म्हणून प्रत्येक साधनाची पहिली चाचणी अशी घ्यावी: सुपरवायझरच्या हातात त्याचाच फोन द्यावा, ‘आजचा फोटो टाका आणि सिंक आले नाही असे लिहा’ एवढेच सांगावे आणि शेजारी शांत उभे राहून पाहावे. तो कुठे अडखळतो हे टिपून घ्यावे, मदत करू नये.

नोंद करणाऱ्याला मोबदल्यात काय मिळते, हेही याच वेळी ठरवावे. रोजची नोंद केली तर आठवड्याचा अहवाल वेगळा लिहावा लागणार नाही, उद्या कोणता माल येणार हे त्याला कार्यालयात फोन न करता कळेल, मजुरांचा हिशेब त्याच नोंदीवरून होईल. यांतील एखादी सवलत खरोखर द्यायला हवी.

४. चार-पाच अटी, त्याहून जास्त नाहीत

आतापर्यंतच्या कागदांवरून ज्या अटींशिवाय साधन घ्यायचेच नाही अशा चार-पाच अटी लिहाव्यात. सजावटीच्या कार्यालयासाठी त्या साधारण अशा असतील: कामांचे परस्परावलंबन मांडता यावे, ‘निर्णयासाठी थांबले’ ही स्थिती स्वतः तयार करता यावी, फोनवरून फोटोसह नोंद करता यावी, ग्राहकाला फक्त त्याचाच प्रकल्प दिसावा आणि सगळी माहिती केव्हाही बाहेर काढता यावी. बाकी सोयी असल्या तर चांगल्या. पन्नास रकान्यांचा तुलनातक्ता करून प्रत्येकाला गुण देण्याची पद्धत मला फारशी उपयोगी वाटत नाही. त्यात कधीही न लागणाऱ्या तीस सोयींचे गुण मिळून गरजेच्या एका सोयीच्या अभावावर मात करतात.

५. कोणती साधने पाहावीत

ट्रेलो २०११ मध्ये आले आणि २०१७ मध्ये ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ते विकत घेतले. बोर्ड, याद्या आणि कार्डे एवढीच त्याची रचना असल्याने शिकवण्याची फारशी गरज पडत नाही. प्रवाहाच्या जातीच्या कामांना ते उत्तम आहे. परस्परावलंबी तारखांसाठी ते मुळात घडवलेले नाही, आणि सात-आठ प्रकल्प एकत्र पाहायचे झाले की फुकट योजनेत अडचण जाणवते. त्याच कंपनीचे जिरा २००२ पासून आहे आणि सॉफ्टवेअर घडवणाऱ्या गटांसाठी ते समर्थ साधन आहे. पुण्यातील आयटी कंपनीत काम केलेला एखादा भागीदार आपल्या सजावटीच्या किंवा प्रकाशनाच्या कार्यालयात सवयीने जिरा आणतो, असे घडते. तिथे स्प्रिंट, एपिक यांसारखे शब्द कोणाच्याच कामाला लागू पडत नाहीत आणि प्रत्येक बदलासाठी त्या भागीदाराची वाट पाहावी लागते.

बेसकँप २००४ पासून आहे. त्याचा भर संवादावर आहे: प्रत्येक प्रकल्पासाठी संदेश, कामांची यादी, फायली आणि वेळापत्रक एका ठिकाणी. ग्राहकाशी पुष्कळ बोलावे लागते अशा सल्लागार किंवा डिझाइनच्या गटांना ते मानवते. बारीक अवलंबनाचे नियोजन त्याच्याकडून अपेक्षू नये. असाना, क्लिकअप आणि मंडे ही साधने यादी, बोर्ड आणि कालरेषा अशा अनेक रूपांत एकच माहिती दाखवतात. त्यांत करता येण्यासारखे इतके असते की मांडणी करणारा एक जाणकार माणूस कार्यालयात असावाच लागतो. तो नसेल तर प्रत्येक जण आपापली मांडणी करतो आणि कोणाचे कोणाला सापडत नाही.

चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो प्रोजेक्ट्स २००६ पासून आहे. त्यात गँट चार्ट, अवलंबने आणि वेळेच्या नोंदी आहेत, भारतातील ग्राहकांना रुपयांत बिल मिळते आणि कंपनीची डेटा केंद्रे भारतात आहेत. आपले हिशेब किंवा ग्राहकांची नोंद आधीच झोहोच्या दुसऱ्या साधनात असेल, तर त्याचा विचार आधी करावा. त्याचप्रमाणे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी कार्यालय भरतच असेल, तर तिच्यात प्लॅनर बहुधा समाविष्ट असते. आणखी पैसे देण्यापूर्वी ते वापरून पाहावे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (पहिली आवृत्ती १९८४) आणि प्रिमाव्हेरा (१९८३ पासून, आता ओरॅकलकडे) ही नियोजनातील तज्ज्ञ माणसाची साधने आहेत. मोठ्या पायाभूत कामांच्या निविदांत वेळापत्रक अशाच साधनात मागितले जाते आणि तेव्हा निवडीचा प्रश्नच उरत नाही. फ्लॅटच्या सजावटीसाठी त्यांची गरज नाही.

रेडमाइन आणि ओपनप्रोजेक्ट ही मुक्त स्रोत साधने स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात. परवान्याचे पैसे वाचतात, पण सर्व्हरचे भाडे, वेळोवेळची अद्ययावत आवृत्ती आणि बॅकअप यांची जबाबदारी आपल्यावर येते. हे काम नियमाने करणारा माणूस नसेल, तर हा मार्ग टाळावा. माहिती बाहेर न जाऊ देण्याची अट असलेल्या संस्थांनी मात्र तो अवश्य तपासावा. आणि तीन-चार माणसांचे कार्यालय असेल तर गूगल शीटवरचा नीट आखलेला तक्ता पुरेसा ठरू शकतो, हेही मोकळेपणाने मान्य करावे.

चाचणीसाठी यांतील दोनच साधने निवडावीत. तीन घेतली की लोक कंटाळतात आणि तिसऱ्याची परीक्षा कोणीच मनापासून घेत नाही.

६. मराठीची परीक्षा

ज्या कार्यालयात नोंदी मराठीत होणार आहेत, त्याने ही पायरी वगळू नये. टाइप केलेले मराठी पडद्यावर नीट दिसले म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये, कारण घोळ पुढे होतो.

पहिला घोळ शोधाचा. ‘ॲडव्हान्स’ या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतात, दोन प्रकारे टाइप होते: एकसंध ‘ॲ’ म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, संगणकाला ती वेगळी अक्षरे असतात. एका सुपरवायझरच्या कीबोर्डने पहिला प्रकार वापरला आणि हिशेबनीसाच्या संगणकाने दुसरा, तर शोध घेतल्यावर निम्म्याच नोंदी सापडतात. ‘पाइप’ आणि ‘पाईप’ यांचेही तसेच. दोन्ही चाचणी साधनांत असे शब्द दोन्ही प्रकारे टाकून शोधून पाहावे, आणि कोणतेही साधन घेतले तरी नेहमी लागणारे शब्द टाइप न करता तयार यादीतून निवडले जातील अशी सोय करावी. माल, खोली, ठेकेदार आणि स्थिती यांच्या याद्या केल्या की हा प्रश्न जवळजवळ संपतो.

दुसरा घोळ पीडीएफचा. ग्राहकाला पाठवायचा अहवाल पीडीएफमध्ये काढला की काही साधनांत जोडाक्षरे सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते. ‘स्थिती’, ‘निश्चित’, ‘दुरुस्ती’, ‘ग्रॅनाइट’ हे शब्द असलेला नमुना अहवाल काढून पाहावा. तिसरा घोळ एक्सेलचा: साधनातून काढलेल्या सीएसव्ही (साध्या मजकुरातील तक्त्याच्या) फाइलवर थेट दोनदा क्लिक केले तर मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हे दिसू शकतात. फाइल खराब झालेली नसते. एक्सेलच्या डेटा विभागातून ती आणताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला की मजकूर नीट उघडतो. जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. तशाच चिकटवल्या तर नव्या साधनात रोमन अक्षरांची खिचडी दिसेल.

याच वेळी तारखांची मांडणी दिवस-महिना-वर्ष अशी करून घ्यावी. ०५/०६ ही तारीख कार्यालयाला ५ जून आणि साधनाला ६ मे वाटत असेल, तर अवलंबनाचे सगळे गणित फसते. सुट्ट्यांची दिनदर्शिकाही भरावी: साप्ताहिक सुट्टी कोणती, गणेशोत्सवात आणि दिवाळीत कारागीर गावी किती दिवस जातात, हे साधनाला सांगितल्याशिवाय ते सांगत असलेली शेवटची तारीख खरी मानू नये.

७. खर्चाचे गणित

बहुतेक वर्गण्या माणशी आणि महिन्याला असतात, म्हणून पायरी ३ मधील यादी येथे उपयोगी पडते. समजा, दर माणशी महिना ५०० रुपये आहे. बारा जणांना पूर्ण प्रवेश दिला तर वर्षाला ७२,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून ८४,९६० रुपये होतात. नोंद करणारे पाचच असतील आणि उरलेल्यांना ‘फक्त पाहण्याचा’ प्रवेश फुकट मिळत असेल, तर हाच खर्च करासह ३५,४०० रुपयांवर येतो. पाहुणे म्हणून येणाऱ्यांना कोणती कंपनी फुकट प्रवेश देते, कोणती त्यांचेही पैसे घेते आणि कोणत्या योजनेत किमान किती जागा घ्याव्याच लागतात, हे दरपत्रकाच्या तळटिपांत असते. तळटिपा वाचाव्यात. फुकट योजनांवरील मर्यादा कंपन्या बदलत असतात, तेव्हा आजची मर्यादा कायमची धरून वर्षभराची आखणी करू नये.

बिल परदेशातील कंपनीकडून येत असेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कार्यालय जीएसटीत नोंदलेले असेल, तर खाते उघडतानाच आपला जीएसटी क्रमांक भरावा; अशा आयात सेवेवरचा कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी, आपल्याला भरावा लागतो आणि पात्र असल्यास त्याचे इनपुट क्रेडिट (आपल्या देय करातून वजावट) मिळते. क्रमांक न भरल्यास कंपनी सामान्य ग्राहक समजून कर लावू शकते. हा विषय एकदा आपल्या सीएंसमोर ठेवावा. दुसरी गोष्ट कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप होणाऱ्या वर्गणीच्या वसुलीसाठी कार्डधारकाची आधी नोंदवलेली संमती लागते, आणि जून २०२२ मध्ये ठरलेल्या मर्यादेप्रमाणे एका वेळी १५,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम असेल तर प्रत्येक वेळी ओटीपी द्यावा लागतो. वार्षिक वर्गणी या मर्यादेपलीकडे गेली की ती आपोआप भरली जात नाही. नूतनीकरणाची तारीख हिशेबनीसाच्या वहीत असावी, नाहीतर एका सकाळी सगळ्यांचा प्रवेश बंद झालेला दिसतो.

पहिले तीन महिने मासिक वर्गणीच घ्यावी, ती थोडी महाग असली तरीही.

८. माहिती कोणाच्या ताब्यात

मुख्य खाते कार्यालयाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडावे. ते उत्साही कर्मचाऱ्याच्या खाजगी ईमेलवर उघडले आणि तो नोकरी सोडून गेला, तर आपल्याच प्रकल्पांची माहिती परत मिळवायला त्याला विनवणी करावी लागते. मालकीचे अधिकार दोन माणसांकडे असावेत आणि दोघांनीही दुहेरी पडताळणी चालू ठेवावी.

साधने बंद होतात. वंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. ॲटलासियनने आपल्या साधनांच्या, ग्राहकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीचे साहाय्य फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवले. दोन्ही वेळा सूचना पुष्कळ आधी मिळाली होती, पण माहिती हलवण्याचे काम ग्राहकांनाच करावे लागले. म्हणून चाचणीच्या काळातच सगळी माहिती बाहेर काढून पाहावी. टास्कची नावे आणि तारखा बहुतेक साधने देतात. टिप्पण्या, फोटो आणि जोडलेल्या फायली मिळतात का, हे उघडून तपासावे. सजावटीच्या किंवा बांधकामाच्या कामात वाद झाला तर भिंतीआडच्या पाइपचा तो एक फोटोच पुरावा असतो.

ग्राहकांचे पत्ते, फोन क्रमांक आणि घरांचे नकाशे आपण या साधनात ठेवणार आहोत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ सालचा केंद्रीय कायदा असे सांगतो की माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्या कंपनीला दिले तरी मूळ जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते. तेव्हा सर्व्हर कुठे आहेत, खाते बंद केल्यावर माहिती किती दिवसांत पुसली जाते आणि ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाते का, हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे जपून ठेवावीत.

९. चालू कामावर महिनाभर चाचणी

नमुन्याच्या काल्पनिक प्रकल्पावर घेतलेल्या चाचणीतून फारसे काही कळत नाही. दोन सारख्या आकाराची खरी, चालू कामे निवडावीत आणि एकेक साधन एकेका कामावर महिनाभर चालवावे. त्या दोन कामांपुरती सूचना व्हॉट्सॲपवर देणे बंद करावे. तिथे कोणी विचारलेच तर साधनातील दुवा पाठवावा. रोज संध्याकाळी कार्यालयातील एका माणसाने दहा मिनिटे काढून फक्त एवढे पाहावे की आजची नोंद आजच झाली का, आणि एखादी गोष्ट फोन करून विचारावी लागली का. महिन्याअखेरीस सोयींच्या यादीपेक्षा या दोन उत्तरांना जास्त वजन द्यावे.

या महिन्यात मुद्दाम काही कठीण प्रसंगही घडवून पाहावेत. एका टास्कची तारीख चार दिवस पुढे ढकलावी आणि तिच्यावर अवलंबून असलेली कामे आपोआप सरकतात का, सरकली तर संबंधितांना कळते का, हे बघावे. ग्राहकाच्या नावाने प्रवेश करून त्याला दुसऱ्या घराचे दर किंवा आपल्या अंतर्गत टिप्पण्या दिसत नाहीत याची खात्री करावी. एक टास्क पुसून ती परत आणता येते का ते पाहावे. मदत विभागाला एक खरा प्रश्न पाठवून उत्तर किती वेळात आणि किती नेमके येते, तेही नोंदवावे.

निर्णयाच्या बैठकीत नोंद करणाऱ्यांनी आधी बोलावे आणि मालकांनी शेवटी. क्रम उलटा झाला तर सुपरवायझर मालकांच्या आवडीला मान देतात आणि खरी अडचण चाचणी संपल्यावर बाहेर येते. दोन्ही साधनांत नोंदी शिळ्या राहिल्या असतील, तर तिसरे शोधण्यापूर्वी पायरी ३ कडे परत जावे.

१०. सुरुवात आणि पहिला आढावा

साधन ठरल्यावर चालू असलेले सगळे प्रकल्प त्यात घालण्याचा मोह टाळावा. महिन्याभरात संपणारी कामे जुन्याच पद्धतीने पूर्ण करावीत, नवी कामे आणि लांब पल्ल्याची कामे नव्या साधनात घ्यावीत. जुना एक्सेल तक्ता एका जाहीर तारखेपासून फक्त वाचण्यापुरता ठेवावा. दोन्हीकडे नोंदी चालू राहिल्या की कोणती खरी हे विचारण्यात वेळ जातो. संपलेल्या प्रकल्पांचा साचा तयार करावा, म्हणजे पुढच्या स्वयंपाकघराला हॉबच्या निर्णयापासून ट्रॉल्यांपर्यंतची साखळी नव्याने मांडावी लागणार नाही. साचे, याद्या आणि प्रवेशाचे अधिकार सांभाळण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी आणि त्यासाठी त्याला आठवड्यातले काही तास मोकळे करून द्यावेत. हे काम ‘वेळ मिळेल तेव्हा’ होत नाही.

तीन महिन्यांनी आढावा घेताना कोणते रकाने रिकामेच राहतात ते पाहून ते काढून टाकावेत, कोणत्या सूचना लोक न वाचता पुसतात त्या बंद कराव्यात आणि महिनाभरात एकदाही प्रवेश न केलेल्यांच्या जागा कमी कराव्यात. ताबा देण्याच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष तारखांमधील अंतर पहिल्या पायरीत मांडलेल्या प्रकल्पांशी ताडून पाहावे. ‘निर्णयासाठी थांबले’ या स्थितीत कामे आता किती दिवस राहतात, हेही त्याच बैठकीत काढावे, आणि ते दिवस कमी झालेले दिसले तरच मासिक वर्गणी वार्षिक करून घ्यावी.